रोमन लोकांचीं तांबडीं ताटें

इटलीच्या तस्कनी प्रांतांत आरेत्सो नांवाचें एक शहर आहे. रोमन लोक त्यास आरेतियुम म्हणत. इ. स. १२८२ मध्यें या शहरच्या रिस्तोरो नांवाच्या एका विद्वानानें सृष्टिरचनेवर एक ग्रंथ लिहिला. आकाश, पृथ्वी, पर्वत यांचें विवेचन करतां करतां त्यानें एक प्रकरण आपल्या गांवच्या जुन्या खापरांना दिलें आहे. शहरांत व आसपास जमीन खणली कीं तांबड्या मातीच्या भांड्यांचे तुकडे निघत; त्यांवर पानें, फुलें, पक्षी आणि माणसें उठावानें काढलेलीं असत. जाणते कारागीर हे तुकडे पाहून हर्षानें वेडे होत आणि हीं भांडीं करणारे देवच असले पाहिजेत, किंवा तीं आकाशांतून पडलीं असलीं पाहिजेत, असें म्हणत, असें रिस्तोरो सांगतो. ज्या वस्तूंना त्यानें स्वर्गीय ठरविलें त्या वास्तविक त्याच्याच गांवीं, त्याच्या पूर्वीं सुमारें तेराशें वर्षें, बहुतांशीं गुलामांच्या हातून घडलेल्या, आणि बाजारांत ढिगानें विकल्या जाणाऱ्या जेवणाच्या थाळ्या व वाट्या होत्या. देवांच्या शोधांत दूर जाण्याचें कारण नव्हतें. करणाऱ्याचें नांव पुष्कळदां त्या तुकड्यावरच उमटविलेलें होतें.

या भांड्यांना आज विद्वान लोक ‘टेरा सिजिलाटा’ म्हणतात. लहान आकृत्या किंवा ठसे उमटविलेली माती, असा त्याचा अर्थ. नांव लॅटिन असलें तरी या अर्थानें तें आधुनिक आहे. रोमन गृहिणीला तें कळलें नसतें. इंग्लंडांत याच भांड्यांना ‘सेमियन’ म्हणण्याची चाल पडली, कारण लॅटिन ग्रंथकार सेमॉस बेटाच्या भांड्यांचा वारंवार उल्लेख करतात. पण इंग्लंडांत सांपडणारीं हीं भांडीं त्या बेटावरचीं मुळींच नव्हत, तीं बहुतेक फ्रान्समधलीं आहेत. चिनी मातीच्या सगळ्याच बरण्या कांहीं चीनमधून येत नाहींत, तशांतलाच हा प्रकार.

इटलींत यापूर्वीं कित्येक शतकें काळीं चकचकीत भांडीं होत असत. तांबड्या भांड्यांची आवड पूर्वेकडून आली. सीरियाच्या बाजूस इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून तशीं भांडीं होऊं लागलीं होतीं. इ. स. पू. ४० च्या सुमारास आरेत्सोच्या कुंभारांनीं काळा रंग सोडून तांबडा धरला, आणि पुढच्या एका पिढींत त्यांचा माल रोमन सत्तेच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत पोहोंचला. श्रीमंत रोमन माणूस चांदीच्या ताटांत जेवी. ज्याची ऐपत चांदीची नव्हती, पण साधें खापरहि ज्याला नकोसें झालें होतें, असा एक मोठा वर्ग त्या वेळीं तयार झाला होता: शिपाई, दुकानदार, कारकून, मुक्त झालेले गुलाम. त्या वर्गासाठीं हें भांडें होतें. त्याचे आकार, त्याची कड, त्यावरची नक्षी यांपैकीं पुष्कळ गोष्टी चांदीच्या भांड्यांवरून उचललेल्या आहेत. प्लिनी नांवाचा जो रोमन ग्रंथकार इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताच्या स्फोटांत मरण पावला, त्यानें आपल्या सृष्टिविषयक ग्रंथांत बहुतेक मनुष्यजात मातीचींच भांडीं वापरते असें म्हटलें असून, ताटवाट्यांसाठीं नांवाजलेल्या गांवांत आरेतियुमचें नांव दिलें आहे.

हीं भांडीं होत कशीं, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. पाहणाराला पहिला प्रश्न पडतो तो चकाकीचा. लोणच्याच्या बरणीवर कांचेची झिलई असते तशी ही नव्हे. येथें लेप आहे तो मातीचाच. चिकणमाती भरपूर पाण्यांत कालवून स्थिर ठेविली म्हणजे वाळू व जाड कण आधीं खालीं बसतात, मागाहून मध्यम गाळ बसतो, आणि अत्यंत सूक्ष्म कण मात्र दिवसचे दिवस पाण्यांत तरंगत राहतात. वरचें हें गढूळ पाणी हलकेंच काढून घ्यावयाचें, आटवून सायीसारखें करावयाचें, आणि वाळलेलें भांडें त्यांत बुडवून काढावयाचें. बुडवितांना कुंभार भांडें बुडाच्या कडेला धरी. त्या बोटांच्या खुणा कित्येक भांड्यांवर अजून दिसतात. सूक्ष्म कण चपट्या पापुद्र्यांसारखे असल्यामुळें ते भांड्याच्या अंगावर सपाट बसतात, आणि पुरेशी आंच लागली म्हणजे एकमेकांना चिकटून एकजीव होतात. त्यामुळें भांड्याला गुळगुळीतपणा येतो, तेज येतें, आणि कालवण किंवा तेल आंत मुरत नाहीं.

रंगाचें गमक लोखंडांत आहे. गेरू ज्या द्रव्यामुळें तांबडा असतो तेंच लोखंडाचें द्रव्य या मातींत असतें. भाजतांना आव्यांत धूर कोंडला तर तें काळें पडतें; हवा मोकळी खेळली तर तें तांबडें होतें. जुने इटालियन कुंभार मुद्दाम धूर कोंडून काळीं भांडीं करीत. तांबड्या भांड्याला त्याच्या उलट काळजी घ्यावी लागे. जळणाचा धूर किंवा ज्वाळा भांड्यापर्यंत पोहोंचतां कामा नये, आणि आंच तर साडेनऊशें ते हजार अंश सेंटिग्रेडच्या आसपास गेली पाहिजे. यावर तोड अशी काढली होती: आव्याच्या तळाशीं जाळ करावयाचा, आणि ती गरम हवा मातीच्या नळ्यांतून, भांड्यांना न शिवतां, वर न्यावयाची. भांडीं नळ्यांच्या उष्णतेनें भाजत, ज्वाळेनें नव्हे. आपल्याकडचा कुंभार भांड्यांवर गवत, गोंवऱ्या व राख घालून उघडा आवा लावतो. त्याला ही रचना दाखविली असती तर ती त्याला ताबडतोब समजली असती, आणि तिला लागणारें जळण ऐकून त्यानें कपाळावर हात मारला असता.

साधीं ताटें चाकावर होत. नक्षीच्या वाडग्यांसाठीं सांचा लागे. प्रथम जाड मातीचा एक वाडगा करीत. त्याच्या आंतल्या अंगावर लहान लहान ठसे दाबून फुलें, प्राणी, देवता यांच्या आकृती खोलगट उमटवीत, आणि तो भाजून घेत. हा झाला सांचा. तो चाकावर ठेवून त्याच्या आंत मऊ माती दाबीत, कांठ वर ओढीत आणि वाळूं देत. वाळतांना माती आकसते, म्हणून वाडगा आपोआप सांच्यापासून सुटतो, आणि सांच्यांतल्या खळग्या वाडग्यावर उठाव होऊन येतात. मग बुडाला कड लावावयाची, लेपांत बुडवावयाचा, आव्यांत ठेवावयाचा. एका सांच्यांतून किती तरी वाडगे निघत. चित्र काढणारा एक, सांचा करणारा एक, चाक फिरविणारा एक, अशी कामाची वाटणी येथें दोन हजार वर्षांपूर्वीं झालेली दिसते. यंत्र नसतां कारखाना म्हणजे काय, याचा हा नमुनाच म्हणावा.

आतां त्या नांवांकडे वळूं. आरेत्सोच्या साध्या ताटांत कारागीराचा ठसा बाहेरून बुडाला नसून आंतल्या बाजूस, अगदीं मध्यभागीं असतो. जेवण वाढलें कीं तो झांकला जाई आणि ताट रिकामें झालें कीं पुन्हां दिसे. या ठशांत कारखान्याच्या मालकाचें नांव असतें आणि पुष्कळदां त्याच्या जोडीला गुलामाचेंहि. मार्कुस पेरेनियुस हा तेथील एक विख्यात मालक. त्याच्या मालावर केर्दो, पिलादेस, निकेफोरुस अशीं नांवें सांपडतात. हीं नांवें ग्रीक आहेत. निकेफोरुस म्हणजे विजय आणणारा! ज्याच्या स्वतःच्या वांट्याला गुलामी आली त्याला असें नांव देण्यांत रोमन धन्यांना कांहीं विसंगत वाटत नसे. याच कारखान्याच्या पुढच्या मालावर मार्कुस पेरेनियुस तिग्रानुस असा ठसा येतो. तिग्रान हें आर्मेनियाच्या राजांचें नांव. मुक्त झालेल्या गुलामानें धन्याचें कुलनाम लावावयाचें हा रोमन रिवाज पाहतां, हा पूर्वेकडचा माणूस मुक्त होऊन कारखाना चालवूं लागला होता, असें अनुमान निघतें. त्याच्या हाताखालीं बार्गाथेस नांवाचा एक गुलाम होता. कांहीं काळानें ठशावर तोहि मार्कुस पेरेनियुस बार्गाथेस झालेला दिसतो. या माणसांविषयीं कोणत्याहि इतिहासकारानें एक ओळ लिहिलेली नाहीं. तीन पिढ्यांची त्यांची कथा केवळ ताटांच्या तळांवरून जुळविलेली आहे. इ. स. १५ च्या सुमारापासून या ठशांची चौकट माणसाच्या पाउलाच्या आकाराची होऊं लागली. इतक्या लहानशा पाउलांत गुलामांचीं नांवें राहिलीं आणि राजवाड्यांचे शिलालेख फुटून गेले, हा काळाचा न्याय कांहीं वेगळाच.

हा माल सर्वांत अधिक खपे तो फौजेंत. ऱ्हाइन नदीच्या बाजूस ऑगस्टस बादशहाच्या सैन्याच्या छावण्या होत्या, आणि हजारों शिपायांना ताटवाट्या हव्या होत्या. आरेत्सोहून आल्प्सच्या पलीकडे माल नेण्यापेक्षां कारखानाच गिऱ्हाइकाजवळ नेला तर काय वाईट, हा विचार आतेयुस नांवाच्या मालकाच्या मनांत आलेला दिसतो. त्याचे ठसे आरेत्सोला सांपडतात, पीसा बंदरांत सांपडतात आणि फ्रान्समधील लियोंच्या कारखान्यांतील मालावरहि सांपडतात. जर्मनींतील हाल्टर्न येथील छावणींत निघालेल्या त्याच्या ताटांच्या मातीचें रासायनिक पृथक्करण झालें, तेव्हां त्यांतलीं पुष्कळशीं आरेत्सोचीं नसून पीसाचीं व लियोंचीं आहेत असें ठरलें. म्हणजे नांव एकच आणि माती निराळी! एका पेढीनें ठिकठिकाणीं शाखा काढाव्या, असा हा व्यवहार.

एकदां कारखाना हलूं लागला म्हणजे तो मूळ गांवाला बांधलेला राहत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत दक्षिण फ्रान्समधील ला ग्रोफसांक या खेड्यानें आरेत्सोला मागें टाकलें. हें ठिकाण आजच्या मियो शहराजवळ, तार्न व दुर्बी या नद्यांच्या संगमावर आहे. चांगली माती, वाहतें पाणी आणि सभोंवार जंगल, या तिन्ही गोष्टी तेथें होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं एर्मे नांवाच्या एका धर्मोपदेशकानें तेथें खोदकाम केलें, आणि त्यांत जे निघालें तें सुंदर वाडग्यांपेक्षांहि मोलाचें होतें. कांहीं ताटांवर, माती ओली असतांना अणकुचीदार काडीनें, बारीक अक्षरांत हिशेब लिहिलेले होते. भाषा अर्धी लॅटिन, अर्धी गॉल लोकांची. माथ्यावर हा कितवा आवा तें लिहिलेलें. त्याखालीं कुंभाराचें नांव, भांड्याचा प्रकार, त्याचें माप, आणि नगांची संख्या. कास्तोस, फेलिक्स, आल्बानोस, विंदुलोस अशीं नांवें एकाखालीं एक येतात, शेवटीं बेरीज.

ही बेरीज पाहिली म्हणजे थक्क व्हावें लागतें. एका आव्यांत पंचवीस पंचवीस, तीस तीस हजार नग. प्रत्येक कुंभाराचा स्वतंत्र आवा नव्हता. अनेकांचा माल एकत्र भाजला जाई, आणि आवा काढल्यावर ज्याचें त्याला बिनचूक मिळावें म्हणून ही नोंद. तेथें निघालेल्या एका मोठ्या आव्याची लांबी सुमारें ३७ फूट व रुंदी सुमारें २२ फूट आहे. आंत मजल्यावर मजले रचून भांडीं लावीत. आंच चुकली, एखादी नळी फुटून धूर आंत शिरला, किंवा खालचा मजला कोसळला, तर एका घराचें नव्हे तर दहापांच घरांचें कित्येक आठवड्यांचें काम एका रात्रींत वायां जाई. असे प्रसंग येत, याची साक्ष तेथल्या खड्ड्यांत फेकलेले वेडेवांकडे, एकमेकांना चिकटलेले वाडग्यांचे ढीग देतात. हिशेब ठेवणाऱ्याच्या अक्षरांमागें ही धास्ती आहे.

या हिशेबांचा आणखी एक उपयोग झाला, तो भाषेच्या अभ्यासकांना. गॉल लोकांची बोली पुढें लॅटिनच्या दडपणाखालीं मेली. तिचें लेखन फार थोडें उरलें आहे. आव्यांचे क्रमांक लिहितांना हिशेबनिसानें त्या बोलींतले क्रमवाचक शब्द वापरले, म्हणून ते आज माहीत आहेत. तिसरा तो ‘त्रितोस्’, चौथा ‘पेत्वारियोस्’, पांचवा ‘पिंपेतोस्’, आठवा ‘ऑक्स्तुमेतोस्’, नववा ‘नामेतोस्’, दहावा ‘देकामेतोस्’. संस्कृत शिकलेल्या माणसाला तृतीय, चतुर्थ, पंचम, अष्टम, नवम, दशम हे शब्द त्यांच्याशेजारीं मांडण्यास कोणी सांगावयास नको. संस्कृत आणि गॉल या एकाच मूळ भाषाकुलांतील बहिणी आहेत, आणि त्यांच्या नात्याचा हा एक पुरावा फ्रान्समधल्या एका कुंभारवाड्यांत फुटक्या ताटावर मिळावा, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

माल तयार झाल्यावर तो डोंगर उतरून दक्षिणेस नार्बोन बंदराकडे जाई आणि तेथून जहाजांवर चढे. अशी नाजूक वस्तु एकटीच जहाज भरून सहसा जात नसे. दारूचे व तेलाचे मोठाले रांजण, धान्य, धातू यांच्या मधल्या सांदींत ताटांच्या चवडी बसवीत. मोठ्या मालाचा मार्ग जेथें जेथें गेला तेथें तेथें हीं ताटें त्याच्या पाठीवर बसून गेलीं, म्हणूनच तीं स्वस्त राहिलीं. इंग्लंडच्या केंट परगण्याजवळ समुद्रांत एक खडक आहे. अठराव्या शतकापासून तेथील कोळ्यांच्या जाळ्यांत मासळीबरोबर फ्रान्सचीं तांबडीं ताटें येत आलीं आहेत. दुसऱ्या शतकांत तेथें एखादें जहाज बुडालें असावें. कोळ्यांच्या बायका त्या ताटांतून पुडिंग शिजवीत असें सांगतात, आणि खडकाचें नांवहि पुडिंग पॅन असेंच पडलें आहे. दीड हजार वर्षें खाऱ्या पाण्यांत पडून राहिलेलें ताट पुन्हां चुलीवर चढावें, यापेक्षां कारागिरीची दुसरी कसोटी कोणती?

१८८१ मध्यें पाँपेई शहरांत एका घरांत लांकडी पेटारा सांपडला. त्यांत ९० नक्षीदार वाडगे आणि बरेच मातीचे दिवे होते. वाडगे दक्षिण फ्रान्सचे. पेटारा अजून रिकामा केलेला नव्हता, इतक्यांत इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसची राख येऊन पडली आणि मालक, माल व शहर सर्वच गाडलें गेलें. ज्या इटलीनें हा धंदा गॉल लोकांना शिकविला, त्याच इटलीच्या घरांत साठ सत्तर वर्षांत गॉल लोकांचा माल येऊं लागला होता, हें या पेटाऱ्यानें उघड केलें. इंग्लंडांत कोल्चेस्टर येथें अशीच एक दुकानाची जागा निघाली, इ. स. ६० किंवा ६१ मध्यें बूदिका राणीनें बंड करून तें शहर जाळलें, तेव्हां दुकानांतलीं तांबडीं ताटें आगींत काळीं पडलीं. रोक्सेटर येथें बाजारचौकाच्या गटारांत वाडग्यांच्या चवडीच्या चवडी एकांत एक बसलेल्या तशाच मिळाल्या: आग लागली, फळी कोसळली, माल गटारांत पडला, आणि उचलण्यास कोणी परत आलें नाहीं.

घेणाऱ्यालाहि या भांड्याचें अप्रूप होतें. फुटलेलीं ताटें भोंकें पाडून, शिशाच्या तारेनें शिवून पुन्हां वापरलेलीं इंग्लंडांत पुष्कळ मिळतात. बुडाशीं खिळ्यानें आपलें नांव खरडून ठेवण्याची तऱ्हाहि होती. छावणीच्या मुदपाकखान्यांत सारखींच शंभर ताटें असल्यावर दुसरें काय करणार! आपल्याकडे लग्नांत दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांव घालतात, त्याच्याच जातीची ही गोष्ट.

पाँपेईचा पेटारा, कोल्चेस्टरचें दुकान, इ. स. ९ मध्यें जर्मनांनीं रोमन सैन्याचा संहार केल्यावर ओस पडलेली हाल्टर्नची छावणी: या जागांना पंडितांच्या दृष्टीनें फार महत्त्व आहे, कारण त्यांची तारीख इतिहासांतून पक्की माहीत आहे. हाल्टर्नला जें ताट सांपडलें तें इ. स. ९ नंतरचें असूं शकत नाहीं; पेटाऱ्यांतला वाडगा ७९ नंतरचा असूं शकत नाहीं. १८९५ मध्यें ड्रागेनडॉर्फ या जर्मन विद्वानानें या भांड्यांच्या आकारांना क्रमांक दिले, आणि ते क्रमांक आजतागायत चालतात. त्याच्या २९ क्रमांकाचा कंगोऱ्याचा वाडगा मागें पडून ३७ क्रमांकाचा गोल वाडगा पुढें आला. पाँपेईच्या पेटाऱ्यांत हे दोन्ही आहेत. आकार, ठसा आणि नक्षी यांवरून एका तुकड्याचें वय वीसपंचवीस वर्षांच्या अंतरानें सांगतां येऊं लागलें. नाण्यापेक्षांहि हें साधन कधीं कधीं अधिक भरंवशाचें, कारण नाणें लोक शंभर वर्षें जपून ठेवतात. ताट फुटतें आणि उकिरड्यावर जातें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. दुसऱ्या शतकांत मध्य फ्रान्समधील लेझू आणि मागाहून ऱ्हाइनकांठचें ऱ्हाइनत्साबेर्न हीं गांवें पुढें आलीं. माल वाढला तशी नक्षी मात्र भरड होत गेली. तिसऱ्या शतकांत हा पश्चिमेचा धंदा बसला. त्याची जागा उत्तर आफ्रिकेनें, म्हणजे आजच्या ट्युनिशियानें घेतली. तेथील ताटें अधिक साधीं, किंचित् नारिंगी रंगाचीं, आणि मोठ्या व्यासाचीं. आफ्रिकेचें धान्य व तेल भूमध्य समुद्रावरून चोहोंकडे जाई, त्याच्याबरोबर हीं ताटेंहि गेलीं. ४३९ मध्यें व्हँडल लोकांनीं कार्थेज घेतलें तरी आवे बंद पडले नाहींत. सातव्या शतकांत मात्र हा व्यापार संपला.

या भांड्यांचा भारताशीं जो संबंध आहे तो आरेत्सोच्या काळांतला. पुदुच्चेरीच्या दक्षिणेस अरिकमेडु म्हणून एक टेकाड आहे. १९४४ मध्यें पुराणवस्तुसंशोधन खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांना मद्रासच्या संग्रहालयांत त्या जागेहून आलेला रोमन दारूच्या रांजणाचा तुकडा दिसला. ते पुदुच्चेरीस गेले. तें शहर तेव्हां फ्रेंचांच्या ताब्यांत होतें, आणि फ्रेंच मंडळींनीं टेकाडावर निघालेल्या वस्तू तेथील ग्रंथालयांत ठेविल्या होत्या. त्यांत तांबड्या चकचकीत मातीचे तुकडे होते. इंग्लंड व फ्रान्समधील खोदकामांत ज्याचें आयुष्य गेलें त्या माणसाला ते ओळखण्यास क्षणहि लागला नसेल. १९४५ मध्यें व्हीलर यांनीं तेथें खोदकाम केलें आणि पुढच्या वर्षीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मिळालेल्या तुकड्यांवर विबियुस, कामुरियुस, इत्ता हे ठसे वाचतां आले.

या मूठभर खापरांचें एवढें महत्त्व कां? त्या काळपर्यंत दक्षिण भारतांतील जुन्या वस्त्यांचें वय सांगण्यास पक्कें साधन जवळजवळ नव्हतें. तेथील मडकीं ओळखूं येत, पण तीं केव्हांचीं हें कळत नसे. अरिकमेडु येथें आरेत्सोच्या ताटांच्या थरांत देशी भांडींहि मिळालीं. त्यांतली मुख्य म्हणजे पातळ, करड्या-काळ्या रंगाची, आंतल्या बाजूस बारीक दंतुर रेषांचीं वर्तुळें असलेली थाळी. आरेत्सोचा माल इ. स. ५० च्या सुमारास संपला असें व्हीलर यांनीं धरलें, आणि त्या आधारावर थाळीचें वय बसविलें. मग ती थाळी जेथें जेथें मिळेल तेथील थरांचें वय ठरूं लागलें. १९४७ मध्यें म्हैसूर संस्थानांतील ब्रह्मगिरी व चंद्रवल्ली येथें त्यांनीं खोदकाम केलें, तें हाच धागा हातीं धरून. एका गुलामाच्या हातच्या ठशावर अर्ध्या दक्षिणापथाचा कालक्रम टांगला गेला म्हटलें तरी चालेल.

धागा मोलाचा होता. परंतु त्याच्याबरोबर एक भ्रमहि आला. सुबक, चकचकीत भांडें दिसलें कीं तें रोमन लोकांचें किंवा त्यांचें पाहून केलेलें, असें धरण्याची प्रवृत्ति बळावली. ती दंतुर रेषांची थाळीहि भूमध्य समुद्राकडून आलेली, निदान तिकडच्या कल्पनेची, असें सांगितलें गेलें. आपल्या बाजूला गुजराथ व महाराष्ट्रांत सातवाहनांच्या काळापासूनचीं तांबडीं घोटीव भांडीं मिळतात. नेवासें येथील १९५४ ते ५६ च्या खोदकामांतहि तीं मिळालीं. हीं रोमन ताटांची नक्कल होय, असें मत पुष्कळ वर्षें चाललें. वास्तविक त्यांतला ठळक प्रकार म्हणजे तोटीचीं पाण्याचीं भांडीं, आणि तसला आकार रोमन ताटवाट्यांत कोठेंच नाहीं. चकाकीहि घोटून आणलेली. रोमन माल महाराष्ट्रांत येत होता, यांत शंका नाहीं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांशाची मूर्ति तेथील संग्रहालयांत आहे, आणि नेवाशास रोमन रांजणांचीं खापरें निघालीं आहेत. पण त्यावरून आपल्या कुंभाराला तांबडा रंग परक्यानें शिकविला असें होत नाहीं.

अरिकमेडु येथें १९८९ ते १९९२ या काळांत विमला बेगली यांच्या पुढाकारानें पुन्हां खोदकाम झालें. जुन्या तुकड्यांचीहि फेरतपासणी झाली. त्यांतले कांहीं इटलीचे नसून भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे ठरले. रोमन ताटें तेथें येण्यापूर्वींच ती वस्ती नांदत होती, आणि दंतुर रेषांची थाळी व्हीलर यांच्या समजुतीपेक्षां जुनी आहे, असें दिसून आलें. तांबडीं ताटें तेथें इतकीं थोडीं आहेत कीं तीं तामीळ गिऱ्हाइकांसाठीं आणलेला माल नसून, मोसमी वाऱ्यावर आलेल्या पाश्चात्त्य व्यापाऱ्यांच्या जेवणाचीं असावींत, असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. केरळांतील पट्टणम येथेंहि असे थोडे तुकडे मिळाले आहेत. दंतुर थाळीच्या मातीची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हां ती भूमध्य समुद्राकडची नसून भारतांतलीच, पूर्व किनाऱ्याच्या बाजूची, असें निष्पन्न झालें. हीच भारतीय थाळी पुढें पूर्वेस बाली बेटावर सेंबिरन येथें सांपडली. आणि जेथून रोमन जहाजें हिंदुस्थानाकडे निघत त्या मिसर देशाच्या बेरेनिके बंदरांतहि तिचे तुकडे मिळाले आहेत.